आशाभंग आणि धैर्यभंग

‘डिसअपॉइंटमेंट’ आणि ‘डिस्करेजमेंट’ हे दोन्ही इंग्रजी शब्द आपण एकाच ‘निराशे’च्या पदरात टाकतो. वस्तुतः त्यांची कुळे निराळी. फ्रेंचातून आलेल्या पहिल्या शब्दाचा मूळ अर्थ नेमलेल्या जागेवरून दूर करणे. पुढे तो अपेक्षाभंगासाठी रूढ झाला. दुसऱ्याच्या पोटात लॅटिन ‘कॉर’, म्हणजे हृदय आहे. एकात हाती येणारी वस्तू जाते. दुसऱ्यात काळीजच खचते. फारसी ‘उमेद’ म्हणजे आशा. पण मराठीत ‘नाउमेद’ झालेला माणूस आशेबरोबर हिंमतही गमावून बसतो. आपल्या भाषेने इथे दोन्ही दुःखे एकत्र बांधली.

परंतु ती नेहमी एकत्र येतातच असे नाही. याचा दाखला पनवेलच्या शेजारी आहे. वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८४५ रोजी शिरढोणचा. पुण्यास लष्करी हिशेबखात्यात नोकरीला असता आई आजारी पडली. रजा वेळेवर मिळाली नाही आणि ते पोचण्यापूर्वीच आई गेली. हा आशाभंग. त्याने त्यांचे काळीज खचले नाही, पेटले. न्यायमूर्ती रानड्यांची व्याख्याने ऐकून आणि दुष्काळातील लोकांची दैना पाहून त्या आगीला दिशा मिळाली, व १८७९ साली त्यांनी बंड उभारले.

त्याच वर्षी धैर्यभंगाची घडीही आली. साथीदारांचा जीव लुटीत गुंतलेला पाहून ते विटले आणि श्रीशैल्यास मल्लिकार्जुनाच्या पायी देह ठेवण्याच्या निश्चयापर्यंत गेले. तेथेच त्यांनी आत्मवृत्त लिहिले. ही तर ‘डिस्पेअर’ची कड! पण त्या कडेवरून ते परतले आणि पुन्हा माणसे जमवू लागले. जुलै १८७९ मध्ये ते पकडले गेले. जन्मठेपेवर एडनला धाडल्यावर तेथील तुरुंगातूनही ते निसटले. पुन्हा सापडले, आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी तेथेच वारले.

बंड फसले, हे खरे. म्हणजे आशाभंग झाला. परंतु खचलेला माणूस एडनच्या तुरुंगाचे दार ओलांडीत नाही. अपयश आले की आपण सहज म्हणतो, ‘निराश झालो.’ त्या वेळी स्वतःला एवढेच विचारावे: हातचे गेले, की आतले गेले? पहिले पुन्हा मिळविता येते; मात्र त्यासाठी दुसरे शाबूत असावे लागते.