निजामाच्या बसचे तीन वारस

कर्नाटकच्या बसवकल्याण तालुक्यातल्या राजेश्वरच्या पट्ट्यातून सोलापूर–हैदराबाद रस्ता जातो. त्यावर तीन राज्यांच्या सरकारी बस धावतात. पाट्या तीन लिप्यांतल्या, रंग निराळे, पण घराणं बरंचसं एकच. १९३२ साली निजामाच्या रेल्वेने २७ बस आणि १६६ माणसं घेऊन रस्ता वाहतूक खातं काढलं. १९५१मध्ये ते हैदराबाद सरकारकडे आलं. मग १ नोव्हेंबर १९५६ला जुन्या बीदर जिल्ह्याचे तीन तुकडे झाले: उदगीर, अहमदपूर, निलंगा मुंबई राज्यात गेले, जहीराबाद आणि नारायणखेड आंध्रात, उरलेला भाग म्हैसूर राज्यात. खात्याचीही वाटणी अशीच झाली. आंध्रात १९५८मध्ये महामंडळ आलं. १९६१मध्ये मराठवाड्याची वाहतूक महाराष्ट्राच्या एसटीत मिसळली आणि त्याच वर्षी कर्नाटकचं महामंडळही उभं राहिलं. बसवकल्याणच्या भागाला कलबुर्गीत मुख्यालय असलेलं वेगळं महामंडळ मिळायला २००० साल उजाडलं. या सगळ्या कागदी हालचालींत सरकारी खात्यातला नोकर महामंडळाचा कामगार झाला. तेव्हा ही बाब किरकोळ वाटली असेल; पुढच्या सगळ्या भांडणांचं मूळ मात्र मला तिथेच दिसतं.

महामंडळं ज्या १९५०च्या केंद्रीय कायद्याखाली उभी राहिली, त्याचं २२वं कलम व्यापारी तत्त्वाने कारभार करा म्हणतं. ३४वं कलम राज्य सरकारला महामंडळाला निर्देश देण्याचा अधिकार देतं, आणि त्या निर्देशांत कर्मचाऱ्यांच्या पगाराचाही स्पष्ट उल्लेख आहे. तिकिटाचा दरही सरकारच्या मान्यतेशिवाय हलत नाही. म्हणजे दुकान महामंडळाचं, गल्ल्याची किल्ली मंत्रालयाकडे. कामगाराला कामगार कायद्यांखाली युनियन करण्याचा, वेतन करार करण्याचा, रीतसर नोटीस देऊन संपावर जाण्याचा हक्क मिळाला. पण करारासाठी टेबलापलीकडे जो बसतो, त्याच्या हाती ना भाडं ना तिजोरी. तिजोरी भरलेली असते तेव्हा ही फट झाकली जाते. ती आटली की संचालक म्हणतात, सरकारकडे जा. सरकार म्हणतं, तुम्ही आमचे नोकर नाही.

म्हणूनच तिन्ही वारस अडीच वर्षांच्या आत जवळपास एकाच मागणीवर येऊन थांबले: आम्हाला सरकारी नोकर करा. आंध्रातून वेगळ्या झालेल्या तेलंगणात ५ ऑक्टोबर २०१९ला संप सुरू झाला. सुमारे ४८ हजार कामगारांनी स्वतःच नोकरी सोडल्याचं मुख्यमंत्री चंद्रशेखर राव यांनी जाहीर केलं, आणि ५२ दिवसांनी कामगार हात हलवत परत आले. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०२१पासून आगारं ओस पडली. मान्यताप्राप्त संघटनेची तडजोड झुगारून कामगारांनी ‘संप नव्हे, दुखवटा’ म्हणत महामंडळाचं सरकारात विलीनीकरण मागितलं. सरकारने मूळ पगारात सेवेच्या वर्षांनुसार अडीच ते पाच हजारांची वाढ दिली. विलीनीकरण उच्च न्यायालयाच्या आदेशाने नेमलेल्या समितीने नाकारलं, आणि एप्रिल २०२२मध्ये न्यायालयाने कामावर हजर व्हायला सांगितलं. कर्नाटकात डिसेंबर २०२०च्या संपात सरकारी नोकराचा दर्जा सोडून बाकी जवळपास सगळं कबूल झालं. एप्रिल २०२१मध्ये सहाव्या वेतन आयोगासाठी चाकं पंधरा दिवस थांबली. त्याच महिन्याच्या १७ तारखेला बसवकल्याणची पोटनिवडणूक होती. सरकारने आठ टक्के वाढ देऊ केली, तीही निवडणूक आयोगाची परवानगी मिळेल या अटीवर. बसवाल्यांचा पगार हा राज्याच्या खर्चाचा प्रश्न आहे, हे आचारसंहितेने जितकं उघड केलं, तितकं कुठल्या करारात कधी लिहिलं गेलं नव्हतं.

यातली खरी विसंगती पुढे आहे. कामगार जो दर्जा मागतात, त्यात संपाचा कायदेशीर हक्क नाही. तामिळनाडूने संपावरच्या सुमारे पावणेदोन लाख कर्मचाऱ्यांना बडतर्फ केलं, तेव्हा २००३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारी नोकरांना संपाचा हक्क नसल्याचं स्पष्ट सांगितलं. मग असलेला हक्क सोडून तो नसलेला दर्जा कोण मागेल? उत्तर १ मार्च २०२३च्या कर्नाटकात आहे. त्या दिवशी राज्य सरकारी कर्मचारी संपावर गेले, आणि त्याच दिवशी १७ टक्के अंतरिम वाढ घेऊन परतले. हक्क नसलेल्यांना एका दिवसात मिळालं. हक्क असलेल्यांना त्याआधी पंधरा दिवस गाड्या उभ्या करून कारवाईच्या नोटिसा मिळाल्या. फरक एवढाच की पहिल्यांची गाठ थेट तिजोरीवाल्याशी होती.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. अंदाजपत्रक विधानसभेने ठरवायचं. पगाराची बोली रस्त्यावर लागू लागली, तर रोजगार हमीवरच्या मजुराचा, शाळेचा, दवाखान्याचा वाटा कोण राखणार? शिवाय खेड्यात बस बंद पडली की पहिला मार शाळकरी मुलींना आणि रुग्णांना बसतो, मंत्र्याला नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि महिनोन्‌महिने चाललेल्या दुखवट्याचं समर्थन मी करणार नाही. पण विधानसभेचा मान राखायचा तर तो दोन्ही बाजूंनी राखावा लागेल. जून २०२३पासून कर्नाटकात महिलांना मोफत प्रवास आहे. त्याआधी मार्चमध्ये महाराष्ट्राने निम्मं तिकीट केलं. धोरण म्हणून मला ते पटतं. मात्र अशी सवलत जाहीर करताना महामंडळ स्वायत्त आहे हे कुणाला आठवत नाही. थकबाकी मागितली की लगेच आठवतं. कर्नाटकच्या कामगारांची ३८ महिन्यांची वेतनवाढ थकली, म्हणून ५ ऑगस्ट २०२५ला पुन्हा संप झाला, आणि न्यायालयाने तो थांबवला.

आंध्रने १ जानेवारी २०२०पासून कर्मचारी सरकारात घेतले. तेलंगणाच्या ज्या सरकारने ५२ दिवस दाद दिली नव्हती, त्यानेच ऑगस्ट २०२३मध्ये, निवडणुकीच्या तोंडावर, ४३,३७३ जणांना सामावण्याचं विधेयक मंजूर करून घेतलं. तरी मे २०२५च्या संपाच्या नोटिशीत विलीनीकरणाची मागणी पुन्हा होतीच.