गिफ्ट : भेट, लग्न आणि विष

'गिफ्ट' हा शब्द आता मराठीच वाटतो आपल्याला. पण जर्मनीत एखाद्या बाटलीवर तो दिसला तर हात लावू नका! जर्मनमध्ये गिफ्ट म्हणजे विष. स्वीडिश, डॅनिश, नॉर्वेजियनमध्ये तर विषही आणि 'विवाहित'ही. (यावरचे विनोद तुम्हाला सुचले असतीलच.)

योगायोग? अजिबात नाही. तिन्ही अर्थांचं मूळ एकच – 'देणे'. इंग्रजी 'गिव्ह' आणि जर्मन 'गेबेन' त्यातलेच. जुन्या इंग्रजीत हा शब्द वधूसाठी मोजलेल्या किमतीला वापरत. भेटवस्तू हा अर्थ नंतर आला, व्हायकिंगांच्या नॉर्समधून. स्वीडिश 'विवाहित' म्हणजे मुळात लग्नात दिलेली. आपल्याकडेही "मुलगी कुठे दिली?" असंच विचारतात की.

आता विष कुठून आलं? ग्रीकमध्ये 'डोसिस' म्हणजे देणे. वैद्यांच्या तोंडी त्याचा अर्थ झाला औषधाची मात्रा, म्हणजे आपला डोस! तो लॅटिनमार्गे पोचला, आणि जर्मनांनी शब्दशः भाषांतर केलं : गिफ्ट. पुढे विषाचं नाव घेणं टाळायला हाच सौम्य शब्द सोयीचा पडला. रात्री सापाला 'लांबडं' म्हणतात ना, तसंच.

गंमत म्हणजे या पांघरुणानं मूळ अर्थच गिळला. जर्मनमध्ये भेटीला आता 'गेशेंक' म्हणतात. डचांनी एकाच नावाची दोन व्हेरिएबल्स वेगळी केली : 'गिफ्ट' म्हणजे देणगी, आणि शेवटचा 'ट' उडवून 'गिफ' म्हणजे विष. जर्मनमध्ये 'देणे' हा जुना अर्थ टिकला तो 'मिटगिफ्ट' या शब्दात. त्याचा अर्थ हुंडा!

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मॉस यानं १९२४ साली या दोन अर्थांवर 'गिफ्ट, गिफ्ट' नावाचा छोटा लेख लिहिला. त्याचं म्हणणं, भेट कधीच फुकट नसते. घेणारा देणाऱ्याला बांधला जातो. म्हणून घेताना आनंद होतो आणि जरा धास्तीही वाटते.

मला हे पटतं. भारतात १९६१ पासून हुंड्याला कायद्यानं बंदी आहे. मग लग्नाच्या बैठकीत तो शब्द कुणी उच्चारत नाही. "आमचं काही मागणं नाही हो, तुम्ही हौसेनं मुलीला काय गिफ्ट द्याल ते..." म्हणजे तिकडे विषाला 'देणं' म्हणून झाकलं, इकडे हुंड्याला 'गिफ्ट' म्हणून. असं वाक्य पुढे कानावर पडलं तर त्यातला शब्द जर्मन आहे असं समजून ऐका.