नांदेड आणि लातूर : एका नगरस्पर्धेचा उगम

नांदेड आणि लातूर ही दोन नावे एकमेकांच्या विरोधात उभी करून घेण्याची सवय मराठवाड्याला अलीकडे जडली आहे. जानेवारी २००९ मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळाने नांदेड येथे नवे विभागीय महसूल आयुक्तालय स्थापण्याचा निर्णय घेतला; लातुरात त्याविरुद्ध बंद पाळला गेला, मोर्चे निघाले, प्रकरण न्यायालयापर्यंत पोहोचले. तेव्हापासून ‘नांदेड की लातूर’ हा प्रश्न जणू पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या भाऊबंदकीचा आहे अशा भाषेत मांडला जातो. इतिहासाच्या कसोटीला मात्र ही समजूत उतरत नाही. १९५६ पूर्वी या दोन नगरांची तुलना करण्याचे प्रयोजनच फारसे कोणाला पडण्याजोगे नव्हते. तुलनेसाठी दोन्ही नगरांशी काम पडणारा मनुष्य लागतो आणि दोन्हींना लागू पडेल असे एक माप लागते. या दोहोंपैकी एकही गोष्ट निजामी राजवटीत सहजी उपलब्ध नव्हती.

प्राचीनत्वाच्या वादातून या बाबतीत फारसे काही निष्पन्न होत नाही. राष्ट्रकूटांच्या लेखांत ‘लट्टलूरपुराधीश्वर’ हे बिरुद येते आणि ते लट्टलूर म्हणजेच आजचे लातूर असे बहुतेक अभ्यासक मानतात. नांदेडचे गोदाकाठचे माहात्म्यही तितकेच जुने सांगितले जाते. दोन्ही नगरांचे अभिमानी या पुराव्यांचा उपयोग करतात. परंतु आजच्या स्पर्धेचा धागा आठव्या-नवव्या शतकापर्यंत नेणे म्हणजे वकिलाने इतिहासाला साक्षीदार म्हणून उभे करण्यासारखे आहे.

खरा आरंभ शोधावयाचा तो रेल्वेच्या रुळांत. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर, १९०० च्या सुमारास, हैदराबाद–गोदावरी खोरे रेल्वे मनमाडपर्यंत गेली आणि नांदेड त्या मार्गावर आले. हा मार्ग मीटरमापी होता. दुसरीकडे बार्शी लाइट रेल्वेने १८९७ मध्ये कुर्डुवाडीजवळच्या बार्शी रोड स्थानकापासून बार्शीपर्यंत आपली अडीच फुटी गाडी सुरू केली आणि तोच मार्ग १९११ मध्ये लातूरपर्यंत आणला. एक मार्ग निजामाच्या राजधानीकडे नेणारा, तर दुसरा इंग्रजी मुलुखाकडे. १९०१ च्या शिरगणतीत नांदेडची वस्ती सुमारे १४ हजार आणि लातूरची सुमारे १० हजार होती. आकारमानात दोन्ही गावे एकमेकांच्या फार पुढेमागे नव्हती. पण त्यांची तोंडे दोन दिशांना होती.

या दिशाभेदाचा अर्थ, पहिल्यांदाच मोठे शहर पाहावयास निघालेल्या मनुष्याच्या प्रवासात स्पष्ट दिसतो. नांदेडकडच्या मनुष्याचे मोठे शहर म्हणजे हैदराबाद. वरच्या न्यायालयातील दावा, सरकारी नोकरीचा अर्ज, १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठातील प्रवेश, यांपैकी कोणत्याही कामासाठी त्याला त्याच गाडीने पूर्वेकडे जावे लागे. तेथे दरबारची भाषा उर्दू, विद्यापीठातील अध्यापनाची भाषाही उर्दू. म्हणजे शहर अनोळखी असले तरी राज्य तेच आणि खिशातला हाली रुपयाही तोच चालणारा. लातूरकडच्या व्यापाऱ्याची गोष्ट वेगळी. त्याचा कापूस, तेलबिया व धान्य बार्शीच्या वाटेने जात. बार्शी सोलापूर जिल्ह्यात, म्हणजे इंग्रजी अमलात. वाटेत करोडगिरीचा नाका, आणि नाक्यापलीकडे हाली शिक्क्याऐवजी कलदार. सात हाली रुपयांना सहा कलदार असा साधारण हिशेब त्या काळी चाले. लहान रुळावरच्या त्या संथ गाडीतून उतरलेला लातूरचा अडत्या बार्शी, सोलापूर किंवा पुढे मुंबई पाही तेव्हा तो परमुलुखात असे. परंतु तेथील भाषा त्याची स्वतःची असे. नांदेडकराला राज्य ओळखीचे आणि भाषा परकी. लातूरकराला भाषा ओळखीची आणि राज्य परके. ‘शहर’ या शब्दाने दोघांच्या मनात उभे राहणारे चित्र एक असणे शक्यच नव्हते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. मुंबईला जावयाचे तर दोघांनाही गाडी बदलावी लागे, कारण दोघांचेही रूळ मुंबईच्या रुंद रुळांशी जुळत नव्हते. नांदेडच्या प्रवाशाने मनमाडला उतरावे, लातूरच्या प्रवाशाने कुर्डुवाडीला. एकाच्या वाटेवर दुसऱ्याचे गाव येत नसे. दोन नगरांमधील सुमारे १४० किलोमीटरचे अंतर रस्त्याने तोडावयाचे, तेही मांजरा व तिच्या उपनद्यांच्या खोऱ्यांतून. त्यापेक्षा नांदेडहून हैदराबाद आणि लातूरहून सोलापूर ही गावे व्यवहाराने अधिक जवळ होती.

प्रशासनाची चौकटही याच दुराव्याला पोषक होती. पहिल्या सालारजंगांच्या काळात, १८६५ मध्ये, जिल्हाबंदी झाली. त्या व्यवस्थेत नांदेड हे जिल्ह्याचे ठाणे झाले. लातूर मात्र प्रथम नळदुर्ग आणि पुढे उस्मानाबाद जिल्ह्यातले एक गाव राहिले. कलेक्टर नांदेडला; लातूरला फार तर तालुक्याचा कारभार. परंतु बाजाराचे बळ लातूरला होते. हैदराबाद संस्थानाने १९३० मध्ये शेतमालाच्या बाजारांसंबंधी कायदा केला. तत्पूर्वी रुमालाखाली बोटे धरून सौदा ठरे आणि मालाचा धनी शेतकरी बाजूला उभा राही. नियमन झालेल्या बाजारात उघड्या बोलीची आणि तोलण्याची व्यवस्था आली. लातूरची गंजगोलाई, म्हणजे मध्यभागी जगदंबेचे मंदिर, भोवती वर्तुळाकार बांधणी आणि तिला येऊन मिळणारे १६ रस्ते, हे या बाजारपेठेचे दगडविटांतील रूप होय. सराफा एका वाटेला, मिरची-गूळ दुसऱ्या वाटेला, चपला-जोडे तिसऱ्या वाटेला. खेड्यातून प्रथमच आलेल्या मनुष्याला गोलाईत दिशाभूल होते, असे लातुरात थट्टेने म्हणतात. सोळा तोंडे सारखीच दिसतात हे त्याचे कारण. शहराची रचनाच विक्रेता आणि गिऱ्हाईक यांच्यासाठी केलेली आहे. तेथे राजवाडा नाही, घाट नाही, तीर्थ नाही.

नांदेडला प्रथम आलेल्या मनुष्याची पावले नदीकडे वळत. गोदावरीचे घाट, नंदगिरीचा किल्ला, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हुजूर साहिब. गुरू गोविंदसिंह १७०८ मध्ये बादशहा बहादूरशहाच्या लष्कराबरोबर दक्षिणेत आले आणि त्याच वर्षी ७ ऑक्टोबर रोजी नांदेड येथे निवर्तले. महाराजा रणजितसिंहांच्या साहाय्याने १८३० च्या दशकात तेथे गुरुद्वाराची इमारत उभी राहिली; शीख पंथाच्या पाच तख्तांपैकी हे एक. त्यामुळे अमृतसरच्या यात्रेकरूला महाराष्ट्रातील जी मोजकी गावे नावाने ठाऊक असतात त्यांत नांदेड येते. २००८ मध्ये गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने नांदेडात रस्ते, पूल, विमानतळ यांची कामे झाली, ती याच प्रसिद्धीच्या बळावर. निजामी काळातील उस्मानशाही गिरणीने नांदेडला कामगारवर्गही दिला होता. पण गावाची ओळख गिरणीने केली नाही, गुरुद्वाराने केली.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली; तरी नगरांच्या तोंडांची दिशा लगेच बदलली नाही. ती बदलली १ नोव्हेंबर १९५६ रोजी. राज्यपुनर्रचनेने मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि हैदराबाद ही नांदेडची राजधानी उरली नाही. उस्मानियाचे क्षेत्र सुटून २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. स्वामी रामानंद तीर्थ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० मध्ये नांदेडला पीपल्स कॉलेज काढले होते. लातूरला दयानंद महाविद्यालय १९६१ मध्ये आणि राजर्षी शाहू महाविद्यालय १९७० मध्ये आले. आता दोन्ही नगरांना राजधानी एकच, विद्यापीठ एकच, मंत्रालय एकच. माप प्रथमच समान झाले.

या बदलाचा सर्वाधिक ताण पडला तो दोन नगरांच्या मधल्या मुलुखावर. उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तीन तालुके १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होते. पुनर्रचनेत बीदर म्हैसूर राज्यात गेले आणि हे तालुके उस्मानाबादला जोडले गेले. १९८२ च्या ऑगस्टमध्ये उस्मानाबादचे विभाजन होऊन लातूर जिल्हा झाला, तेव्हा ते लातूरकडे आले. १९२०–३० च्या सुमारास अहमदपुरात जन्मलेल्या मनुष्याने घर न बदलता तीन जिल्ह्यांची ठाणी पाहिली. खेड्यात ‘जिल्ह्याला जाऊन येतो’ असे म्हणतात. त्या वाक्यातले गाव त्याच्या एका आयुष्यात दोनदा बदलले. शिवाय अहमदपूर हे नांदेड व लातूर यांच्या जवळजवळ मध्यावर. बाजार एकीकडे, दवाखाना दुसरीकडे, सोयरीक तिसरीकडे, अशी या पट्ट्यातील घरांची रीत. दोन्ही नगरे पाहिलेला आणि त्यांची तुलना करू शकणारा मनुष्य येथे तयार झाला. पण त्याच्या तुलनेत द्वेष नव्हता. कोणते काम कोठे स्वस्तात आणि लवकर होते एवढाच तिचा विषय.

द्वेष आला तो वाटपाच्या प्रश्नातून. १९८२ नंतर लातूर नांदेडच्या बरोबरीचे जिल्हाठाणे झाले, आणि यापुढे दोघांपैकी कोणाला काय मिळते याची नोंद ठेवली जाऊ लागली. १७ सप्टेंबर १९९४ रोजी स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ नांदेडला झाले. नांदेडची महानगरपालिका १९९७ मध्ये आली, लातूरची २०११ मध्ये. नांदेडला रेल्वेचे विभागीय कार्यालय मिळाले, लातूरला पुढे रेल्वे डब्यांचा कारखाना. राजकीय नेतृत्वाने या नोंदीला धार आणली हे नाकारता येत नाही. लातूर जिल्ह्यातील शिवाजीराव पाटील निलंगेकर यांच्यानंतर मार्च १९८६ मध्ये नांदेडचे शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री झाले. लातूरच्या विलासराव देशमुखांनंतर डिसेंबर २००८ मध्ये नांदेडचे अशोक चव्हाण. आयुक्तालयाचा निर्णय हा दुसरा पालट झाल्यावर काही आठवड्यांतच आला, म्हणून तो व्यक्तींच्या स्पर्धेचा परिपाक मानला गेला. हे स्पष्टीकरण सोपे आहे आणि म्हणूनच अपुरे आहे. व्यक्ती बदलल्या तरी वाद शमला नाही. कारण मराठवाड्यात नवे उद्योग थोडे आले आणि नगराचे मोठेपण कार्यालयांच्या पाट्यांवरून मोजण्याची पद्धत रूढ झाली. कार्यालय हे कारखान्यासारखे नसते; ते एका गावाला मिळाले म्हणजे दुसऱ्याला मिळत नाही.

या काळात रुळांनीही आपला अर्थ बदलला. लातूरचा जुना अरुंद मार्ग २००७–०८ मध्ये रुंद झाला आणि कुर्डुवाडीला गाडी बदलण्याचे कारण उरले नाही. नांदेडहून पनवेलकडे जाणारी गाडी आता लातूरवरूनच जाते. ज्या मिरज–लातूर मार्गाने एके काळी मराठवाड्याचा कापूस बाहेर गेला, त्याच मार्गाने एप्रिल २०१६ मध्ये टाक्यांच्या डब्यांतून लातूरकरांसाठी पिण्याचे पाणी आले. पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. गोदावरीकाठचे नांदेड आणि नदीपासून दूर वसलेले लातूर यांतील फरक त्या उन्हाळ्यात साऱ्या देशाला दिसला. तरीही त्याच जूनमध्ये दहावी उत्तीर्ण झालेल्या मुलांचे पालक पत्र्याच्या पेट्या घेऊन लातूरच्या वसतिगृहांच्या दारात उभे होते, कारण तेथील महाविद्यालयांनी परीक्षेच्या तयारीची जी शिस्त बसविली तिला ‘लातूर पॅटर्न’ म्हणून राज्यभर नाव झाले आहे. खेड्यातील मुलाच्या दृष्टीने प्रथम पाहिलेले मोठे शहर आता हैदराबाद नव्हे, बार्शीही नव्हे. २०११ च्या जनगणनेत साडेपाच लाखांचे नांदेड आणि पावणेचार लाखांवरचे लातूर हीच त्याची मोठी शहरे.

आयुक्तालय अद्याप झालेले नाही. महाराष्ट्रात महसुली विभाग पूर्वीप्रमाणे सहाच आहेत. दरम्यान दोन्ही जिल्ह्यांतील विद्यार्थ्यांचे कागद मात्र दोन्ही नगरांतून फिरत असतात : नांदेडच्या मुलाची दहावी-बारावीची परीक्षा लातूरच्या विभागीय मंडळाकडे, लातूरच्या मुलाची पदवी नांदेडच्या विद्यापीठाकडे, आणि शेतजमिनीचे अपील आयुक्तांपर्यंत न्यावयाचे झाले तर दोघांच्याही बापांनी छत्रपती संभाजीनगरची गाडी पकडावयाची.