स्पोर्ट्स कारच्या इंजिनातील अधूनमधून होणारी शक्तिघट

स्पोर्ट्स कारचे इंजिन चालता चालता काही क्षण किंवा काही मिनिटे अपेक्षेपेक्षा कमी शक्ती देते आणि नंतर आपोआप पूर्ववत होते, या दोषास अधूनमधून होणारी शक्तिघट असे म्हणतात. कायमच्या शक्तिघटीहून हा दोष वेगळा आहे. झिजलेल्या पिस्टन कड्या किंवा जळालेली झडप यांमुळे घटलेली शक्ती गाडीला विश्रांती दिल्याने परत येत नाही. येथे ती परत येते, आणि म्हणूनच गाडी कार्यशाळेत पोचते तेव्हा तपासणाऱ्यापुढे दोषच हजर नसतो. निदानाची खरी अडचण हीच आहे. अशा वेळी संशयित सुटे भाग एकामागून एक बदलण्याची पद्धत सर्रास दिसते. तिने खर्च वाढतो, आणि दोष योगायोगाने काही दिवस दडून राहिला तर तो दूर झाल्याचा भास होतो. घाटात पुढच्या ट्रकला ओलांडत असताना शक्ती गेली, तर हा भास जिवावर बेतू शकतो.

असमर्थता की निर्बंध?

निदानाचा पहिला प्रश्न असा, की इंजिन शक्ती देण्यास असमर्थ झाले होते की त्याला रोखण्यात आले होते? कार्ब्युरेटरच्या काळात हा प्रश्न उद्भवत नसे. आजच्या इंजिनात हवा, इंधन व ठिणगी यांचे नियंत्रण संगणकाकडे असते. शीतक द्रव फार तापला, टर्बोचार्जरचा दाब मर्यादेबाहेर गेला, इंजिनात खडखडाट (नॉकिंग) सुरू झाला किंवा थ्रॉटलच्या दोन सेन्सरांचे सांगणे जुळले नाही, तर संगणक इंजिन वाचवण्यासाठी शक्ती मुद्दाम कमी करतो. ही घट बहुधा एकसारखी असते. गाडी संथपणे, पण न अडखळता चालते आणि इंजिन बंद करून पुन्हा सुरू केले की बरेचदा मोकळी होते. याउलट ठिणगी चुकत असेल तर गाडी धक्के देते, आणि इंधन अपुरे पडत असेल तर जोर हळूहळू ओसरतो. चालकाने हा फरक नीट सांगितला तर अर्धे काम तेथेच होते.

भारतात भारत स्टेज ४ मानकांच्या चारचाकी वाहनांना ओबीडी या स्वनिदान प्रणालीचा पहिला टप्पा एप्रिल २०१० पासून व दुसरा टप्पा एप्रिल २०१३ पासून लागू झाला. तिच्या १६ टोकांच्या जोडणीला वाचकयंत्र लावून संगणकाने नोंदवलेले दोषसंकेत वाचता येतात. उदाहरणार्थ, पी०३०० हा संकेत अनेक सिलिंडरांत ठिणगी वा ज्वलन चुकल्याचे, तर पी०१७१ हा मिश्रणात इंधन कमी असल्याचे दर्शवतो. मात्र संकेत लक्षण सांगतो, कारण नव्हे. पी०१७१ वाचून ऑक्सिजन सेन्सर बदलणे ही नेहमीची चूक होय. सेन्सर बहुधा खरेच सांगत असतो. संकेतासोबत साठवलेली त्या क्षणाची नोंद (फेरे, तापमान, भार, वेग) अधिक मोलाची असते. ती न पाहता संकेत पुसून टाकणे म्हणजे पुरावा नष्ट करणे होय.

परिस्थितीची नोंद

दोष केव्हा येतो याची टिपणवही चालकाने ठेवावी, हा या विषयातील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय आहे. इंजिन थंड होते की तापलेले, टाकीत इंधन किती होते, चढ होता की वळण, पाऊस पडत होता का, वातानुकूलन चालू होते का, या प्रश्नांच्या उत्तरांतून संशयितांची यादी झपाट्याने आखडते. दोष नेहमी टाकी पाव भरलेली असताना आणि एकाच बाजूच्या वेगवान वळणावर येत असेल, तर प्रज्वलन प्रणाली उघडण्याचे कारणच उरत नाही. वळणावर इंधन टाकीच्या एका कडेला लोटले जाते आणि पंपाचे तोंड क्षणभर उघडे पडते. स्पोर्ट्स कारची वळणावरील पकड चांगली असल्यामुळे साध्या गाडीपेक्षा तिच्यात हा प्रकार अधिक संभवतो. टाकीतील आडभिंती व पंपाभोवतीचे लहान भांडे हे त्यावरचे उपाय होत. हलत्या टाकीची ही अडचण केवळ रस्त्यावरची नाही. मीरा-भाईंदरच्या किनाऱ्यावरील चौक किंवा उत्तनसारख्या बंदरांतून निघणाऱ्या मासेमारी नौकांच्या प्रकारच्या डिझेल इंजिनांतही, समुद्र खवळला की टाकीच्या तळाचा गाळ व पाणी ढवळून गाळणीत येते, इंजिनाचा जोर जातो आणि पाणी शांत झाल्यावर काही वेळा तो परतही येतो.

इंधनमार्ग

इंधनाचा दाब उभ्या गाडीत मोजून समाधान मानणे धोक्याचे आहे. अर्धवट तुंबलेल्या गाळणीतून निष्क्रिय फेऱ्यांपुरते इंधन सहज येते. कमतरता जाणवते ती पूर्ण भारावर. म्हणून दाबमापक जोडून गाडी चालवून पाहावी लागते. नळीत इंधन फवारणाऱ्या बहुतेक पेट्रोल इंजिनांत हा दाब ३ ते ४ बारच्या आसपास असतो. थेट सिलिंडरात फवारणाऱ्या इंजिनांत तो शंभर बारच्याही पुढे जातो. टाकीचा श्वासमार्ग बंद झाल्यास आत निर्वात तयार होऊन पंप थकतो. शक्ती गेल्यावर टाकीचे झाकण उघडताच फुसकारा आला आणि गाडी सुधारली, तर निदान रस्त्यावरच पूर्ण झाले म्हणावे.

इथेनॉलमिश्रित पेट्रोलमुळे एक नवे कारण पुढे आले आहे. इथेनॉल पाणी शोषून घेते. कमी चालवल्या जाणाऱ्या, पावसाळाभर झाकून ठेवलेल्या गाडीच्या टाकीत पाणी मर्यादेपलीकडे साचले, तर इथेनॉल व पाणी मिळून पेट्रोलपासून विलग होतात आणि तळाशी बसतात. पंपही तेथूनच ओढतो. हौसेच्या गाड्यांचा वापर असाच तुटक असतो.

विद्युत जोडण्या आणि फायबरग्लासचे शरीर

किनाऱ्यालगतच्या खारट, दमट हवेत जोडण्यांच्या पिना काळवंडतात. तार तुटलेली नसते, पण तिचा रोध वाढलेला असतो. येथे साध्या ओहममापकाने फसगत होते. अर्ध्या ओहमचा रोध मापकावर नगण्य दिसतो. परंतु ७-८ अँपिअर प्रवाह घेणाऱ्या इंधन पंपाच्या मार्गात तोच रोध ३ ते ४ व्होल्ट खाऊन टाकतो. म्हणून रोध न मोजता, यंत्रणा चालू असताना तारेच्या दोन टोकांमधील व्होल्टेजची घट मोजावी. चांगल्या अर्थ जोडणीत ती सामान्यतः ०.१ ते ०.२ व्होल्टच्या आत असते.

साध्या गाडीत पत्र्याचे शरीरच विजेचा परतीचा मार्ग असते. फायबरग्लास विजेचा वाहक नाही, म्हणून तशा शरीराच्या गाडीत परतीसाठी धातूच्या सांगाड्यापर्यंत वेगळ्या तारा न्याव्या लागतात आणि त्यांच्या प्रत्येक बोल्टावर संशय घ्यावा लागतो. या दृष्टीने गोव्यात तयार झालेली सॅन स्टॉर्म ही दोन आसनी, उघड्या टपाची गाडी अभ्यासण्याजोगी आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आलेल्या या गाडीचे शरीर फायबरग्लासचे, तर इंजिन रेनॉचे ११४९ घन सेंमी. क्षमतेचे व सुमारे ६० अश्वशक्तीचे होते. अशा गाडीत दिवे लावताच किंवा पंखा सुरू होताच इंजिन अडखळले, तर अर्थची जोडणी आधी तपासावी.

उष्णता

तापल्यावर बिघडून थंड झाल्यावर सुधारणारे भाग हा या दोषाचा मोठा वर्ग आहे. प्रज्वलन कॉइलच्या वेटोळ्यांचे आवरण किंवा भुजादंडाचा सेन्सर उष्णतेने फसतो आणि अर्ध्या तासाने निर्दोष ठरतो. संशयित भाग गरम हवेच्या झोताने जपून तापवून दोष मुद्दाम घडवून आणता येतो. दोष हवा तेव्हा आणता व घालवता आला, तरच कारण सिद्ध झाले असे समजावे. सिलिंडरातील दाब वाढला की ठिणगीला अधिक व्होल्टेज लागते, म्हणून दुबळी कॉइल सपाटीवर निभावते आणि चढावर उघडी पडते. टर्बोच्या रबरी नळीची चीरही केवळ दाबाखालीच फाकते. ती शोधण्यासाठी नळी बंद करून हवेचा दाब देतात.

इंजिन आसनांच्या मागे असलेल्या रचनेत उष्णता कोंडण्याचा धोका वाढतो. मुंबईच्या डीसी डिझाइनची, दिल्लीच्या २०१२ च्या वाहन प्रदर्शनात मांडली गेलेली अवंती ही गाडी याच रचनेची असून तिला दोन लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन होते. मात्र उष्णतेने घटलेली प्रत्येक शक्ती हा बिघाड नव्हे. आत येणारी हवा ३० अंश सेल्सिअसऐवजी ६० अंशांची असेल, तर तिची घनता सुमारे ९ टक्क्यांनी कमी होते आणि शक्तीही जवळपास त्याच प्रमाणात उतरते. खडखडाट टाळण्यासाठी संगणकाने ठिणगी उशिरा दिली तर आणखी थोडी. वाहतूक कोंडीत तासभर अडकलेल्या गाडीने सिग्नल सुटल्यावर मरगळ दाखवली आणि दोन किलोमीटर मोकळ्या रस्त्यावर ती सावरली, तर आत येणाऱ्या हवेचे तापमान वाचकयंत्रावर आधी पाहावे आणि मगच पाने-हातोडी हाती घ्यावी.