खासगी खिडकी : काय पुसले जाते, काय उरते?

ट्रॉम्बे, चित्ता कॅम्प, मानखुर्द या परिसरातील ज्या घरांत संगणक नाही, तेथील मुलांना अकरावी प्रवेशाचा किंवा शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्यासाठी सायबर कॅफे अथवा झेरॉक्सचे दुकान गाठावे लागते. तेथे एकाच संगणकावर दिवसभरात अनेक जण बसतात. घाईत खाते बंद करायचे राहिले, तर पुढच्या व्यक्तीला त्यातील पत्रे वाचता येतात, प्रसंगी महाविद्यालयांचा पसंतिक्रमही बदलता येतो. हा धोका टाळण्यासाठी ब्राउझरमध्ये ‘खासगी ब्राउझिंग’ची सोय असते.

२००५ मध्ये अ‍ॅपलच्या सफारीने ही सोय आणली. २००८ मध्ये गुगल क्रोमने ‘इनकॉग्निटो’ नावाने, तर २००९ मध्ये इंटरनेट एक्स्प्लोरर आणि फायरफॉक्सनेही ती दिली. क्रोम व एजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एन, तर फायरफॉक्समध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि पी ही बटणे एकत्र दाबली की खासगी खिडकी उघडते.

काय पुसले जाते?
या खिडकीत पाहिलेल्या संकेतस्थळांची यादी, शोधलेले शब्द, अर्जात भरलेली माहिती आणि ‘कुकीज’ ब्राउझर जपून ठेवत नाही. मात्र सर्व खासगी खिडक्या बंद केल्यावरच कुकीज नष्ट होतात. एक जरी उघडी राहिली, तरी खाते उघडेच राहू शकते.

काय उरते?
उतरवून घेतलेल्या फाइल संगणकावर तशाच राहतात. आधार कार्डाची प्रत छापण्यासाठी उतरवली असेल, तर ती ‘डाउनलोड्स’मधून आणि नंतर ‘रिसायकल बिन’मधूनही स्वतः काढून टाकावी लागते. जतन केलेले बुकमार्कही उरतात. कळफलकावरील प्रत्येक अक्षर टिपणारी छुपी प्रणाली संगणकात असेल, तर तिच्यापुढे खासगी खिडकी निष्प्रभ ठरते.

कोणाला दिसते?
ही सोय संगणकावरील खुणा पुसते. जोडणीवरील नोंदी पुसत नाही. इंटरनेट सेवा देणारी कंपनी, कार्यालयातील नेटवर्क सांभाळणारा विभाग आणि भेट दिलेले संकेतस्थळ यांच्याकडे त्या राहू शकतात. केंद्र सरकारच्या २०११ च्या सायबर कॅफेविषयक नियमांनुसार तर ग्राहकाची ओळख पटवणे आणि पाहिलेल्या संकेतस्थळांच्या नोंदी किमान एक वर्ष ठेवणे हे चालकाचे कर्तव्यच आहे.

या मर्यादेची जाणीव नसल्याने जगभर गैरसमज झाले. इनकॉग्निटोतही आपली माहिती गोळा केली जाते, असा दावा करत अमेरिकेतील वापरकर्त्यांनी २०२० मध्ये गुगलविरुद्ध खटला दाखल केला. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या तडजोडीत जुन्या नोंदी नष्ट करण्याचे आणि वापरकर्त्यांना अधिक स्पष्ट सूचना देण्याचे कंपनीने मान्य केले.

आपल्या देशात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. तथापि, दुकानातील संगणकावर तो हक्क जपण्याची पहिली जबाबदारी आपलीच असते. तेथे बसताना खासगी खिडकी उघडावी, पासवर्ड जतन करू नये, काम संपताच खात्यातून बाहेर पडावे, उतरवलेल्या फाइल काढून टाकाव्यात आणि सर्व खिडक्या बंद करूनच उठावे. बँकेचे व्यवहार मात्र शक्यतो तेथे करूच नयेत.