खेळाडूंच्या दुखापती: नोंद, आहार आणि प्रतिबंध

हेलसिंकी येथे १९५२ साली झालेल्या ऑलिम्पिक स्पर्धेत कुस्तीचे कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधव हे स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक पदकविजेते होत. सातारा जिल्ह्यातील गोळेश्वर गावच्या या मल्लाला गुडघ्याच्या दुखापतीमुळे १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकला मात्र मुकावे लागले. दुखापत म्हणजे दैवाचा घाला, ही समजूत आजही अनेक मैदानांवर आढळते. क्रीडावैद्यक क्षेत्रातील संशोधनाने तिला छेद दिला आहे. दुखापतींची पद्धतशीर नोंद ठेवल्यास त्यांपैकी अनेक टाळता येतात, असे या संशोधनातून स्पष्ट झाले आहे.

नोंदीचे शास्त्र

नेदरलँड्सचे संशोधक विलेम व्हान मेकेलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये प्रतिबंधाच्या चार पायऱ्या मांडल्या. दुखापतींचे प्रमाण मोजणे, त्यांची कारणे शोधणे, उपाय योजणे आणि पुन्हा प्रमाण मोजून उपायाची परिणामकारकता तपासणे, असा हा क्रम आहे. केवळ दुखापतींची संख्या पुरेशी नसते. खेळाडूने किती वेळ सराव केला, हेही पाहावे लागते. त्यामुळे दर हजार तासांमागे होणाऱ्या दुखापती मोजण्याची पद्धत रूढ झाली.

बीजिंग येथील २००८ च्या ऑलिम्पिकमध्ये सर्व क्रीडाप्रकारांतील दुखापती नोंदवण्यात आल्या. त्यांची संख्या १,०५५, म्हणजे दर हजार खेळाडूंमागे सुमारे ९६ इतकी होती. घोटा मुरगळणे आणि मांडीचा स्नायू ताणला जाणे या तक्रारी सर्वाधिक आढळल्या. नॉर्वेमध्ये १३ ते १७ वर्षे वयाच्या मुलींच्या १२५ फुटबॉल क्लबांत झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सरावापूर्वी ठरावीक व्यायाम करणाऱ्या खेळाडूंच्या दुखापती सुमारे एक तृतीयांशाने कमी झाल्या. क्रिकेटमध्ये अशा नोंदींसाठी २००५ मध्ये आंतरराष्ट्रीय व्याख्या निश्चित झाल्या. वाढत्या वयातील वेगवान गोलंदाजांवर अतिरिक्त षटकांचा भार पडल्यास कंबरेच्या मणक्याच्या हाडाला सूक्ष्म तडा जाण्याचा धोका असतो, हेही अभ्यासांतून पुढे आले.

अपुरा आहार, कमकुवत हाडे

सरावात खर्च होणाऱ्या ऊर्जेच्या तुलनेत आहार सातत्याने कमी पडल्यास शरीर इतर कार्यांत काटकसर करू लागते. मुलींची मासिक पाळी अनियमित होते, हाडांची घनता घटते आणि वारंवार आजारपण येते. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेची सविस्तर व्याख्या केली. २०१८ आणि २०२३ मध्ये ती सुधारण्यात आली. ही अवस्था मुलांमध्येही आढळते.

वजनी गटांच्या खेळांत हा धोका अधिक असतो. पॅरिस येथील २०२४ च्या ऑलिम्पिकमध्ये कुस्तीपटू विनेश फोगाट अंतिम लढतीच्या सकाळी ५० किलो गटाच्या मर्यादेपेक्षा १०० ग्रॅम जास्त भरल्याने अपात्र ठरली. रात्रभर वजन उतरवण्याच्या प्रथेवर त्यानंतर देशभर चर्चा झाली.

खेळाडूला दररोज शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे १.२ ते २ ग्रॅम प्रथिने आवश्यक असतात, असे तज्ज्ञ मानतात. डाळी, दूध, अंडी, शेंगदाणे आणि मासे यांतून ती मिळू शकतात. महागड्या पावडरींमध्ये प्रतिबंधित द्रव्यांची भेसळ असू शकते. नकळत घेतलेल्या द्रव्याची जबाबदारीही उत्तेजकविरोधी नियमांनुसार खेळाडूवरच येते.

उन्हाळ्यातील दक्षता

मध्य भारतात यात उष्णतेची भर पडते. छत्तीसगढची राजधानी रायपूर येथे मे महिन्यात पारा ४० अंशांच्या पुढे जातो. तेथील तात्यापारा भागातून मैदानावर जाणाऱ्या मुलांसाठी सरावाची वेळ पहाटेची असणे हाच पहिला उपाय ठरतो. सरावापूर्वी आणि नंतर वजन केल्यास घामावाटे गेलेल्या पाण्याचा अंदाज येतो. वजनात दोन टक्क्यांहून अधिक घट झाल्यास कामगिरी खालावू लागते. ६० किलो वजनाच्या खेळाडूसाठी ही घट १.२ किलो इतकी होते. घटलेल्या प्रत्येक किलोमागे सव्वा ते दीड लिटर द्रव पुढील काही तासांत टप्प्याटप्प्याने घ्यावे. त्यासाठी मीठ घातलेले ताक किंवा लिंबाचे सरबत उपयुक्त ठरते.

आखाडा, शाळा किंवा लहान क्लब यांना नोंदीसाठी खर्चिक यंत्रणेची गरज नसते. तारीख, सरावाचा वेळ, दुखणारा भाग, दुखापतीचे कारण आणि मैदानाबाहेर काढावे लागलेले दिवस एका वहीत नियमित लिहिले, तरी काही महिन्यांत धोक्याची जागा दिसू लागते. अशी वही प्रशिक्षकाकडे असल्यास एखाद्या मुलाचा गुडघा कायमचा निकामी होण्यापूर्वीच त्याला विश्रांती देता येते.