महाडचे लुगडे, नागपूरचे ठराव

महाड म्हटले की आपण चवदार तळे आणि मनुस्मृतीचे दहन (२५ डिसेंबर १९२७) एवढेच सांगतो. त्याच परिषदेच्या वेळी परमपूज्य बाबासाहेब आंबेडकरांनी जमलेल्या स्त्रियांपुढे वेगळे भाषण केले, ते मात्र फारसे कोणी काढत नाही. विषय काय, तर लुगडे आणि दागिने! गुडघ्यापर्यंत आखूड लुगडे, गळ्यात गळसऱ्या, हातभर कथलाच्या पाटल्या. हा नुसता पेहराव नव्हता; लांबून जात कळावी अशी ती खूण होती. वरच्यांनी लादलेली रूढी दोन-चार पिढ्या अंगावर राहिली की ती आपलीच रीत वाटू लागते. "आपल्यात असंच असतं," म्हणत आज्या-पणज्यांनी ती जपली. बाबासाहेबांनी सोडा म्हटले आणि बायका लुगडी पायघोळ नेसू लागल्या.

अंगावरची खूण उतरली. घरातल्या रीतीचे काय?

२० जुलै १९४२ रोजी नागपुरात अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. अध्यक्षा सुलोचनाबाई डोंगरे. हजारो बाया आल्या. घटस्फोटाचा हक्क, एकीवर दुसरी करण्याला कायद्याने बंदी, गिरणी-विडी कामगार बायांना भरपगारी रजा, असे ठराव झाले. कोणी विचारील, काडीमोड तर आपल्यात पूर्वीपासून होती, मग ठराव कशाला? होती, पण जातपंचायतीच्या हातात. आणि पंचायतीत बाई कुठे बसत होती? निकाल तिचा, बोलणारे सगळे पुरुष.

पुढे हिंदू कोड बिल अडवले गेले आणि बाबासाहेबांनी १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला. १९५५ चा विवाह कायदा आणि १९५६ चा वारसा कायदा त्यातूनच तुकड्यातुकड्याने आले. दोन्ही बौद्धांनाही लागू आहेत. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत लेकीचा हक्क लेकाबरोबरीचा झाला.

कायदा झाला, रीत हटली नाही. धम्मदीक्षेनंतर आपण घरातले देव विसर्जित केले, पण लेकीने वाटा मागितला की "आपल्यात असं नसतं" म्हणणारे आपणच. माहेर तुटेल या धास्तीने बहीण हक्कसोड पत्रावर सही करते. भाऊ तिची साडीचोळी करून बोळवण करतो आणि सातबाऱ्यावरचे तिचे नाव जाते. ते परत लावून घ्यायचे तर तिला सख्ख्या भावाविरुद्ध कोर्टाची पायरी चढावी लागते.